सोळाशे मीटरचं गणित

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की बीड जिल्ह्यातले रस्ते पहाटेच जागे होतात. आष्टी, पाटोदा, गेवराई, केज, कुठेही जा, डांबरी रस्त्याच्या कडेनं मुलंमुली पळताना दिसतात. कुणाच्या पायात चांगले बूट असतात, कुणाच्या पायात झिजलेले. बोलण्यात प्रश्न एकच : सोळाशेचं टायमिंग किती बसतंय? शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण असतात. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण गुण, त्यानंतर ते टप्प्याटप्प्यानं उतरत जातात. मुलींना हीच परीक्षा ८०० मीटरची. एकेका गुणावर यादी खालीवर होते, त्यामुळे इथे दहा सेकंद म्हणजे नोकरी.

टायमिंग कमी करायचं तर आणखी पळायचं, एवढाच उपाय बहुतेकांना ठाऊक असतो. तो खोटा नाही. पण आहे त्याच दमात, आहे त्याच पायांनी वेळ कमी करता येतो, आणि त्यामागे पक्कं विज्ञान आहे. ते विज्ञान या मुलांपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ते जगण्यात उतरवून दाखवणारा धावपटू याच जिल्ह्यातला आहे.

आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धात्मक धावणं त्यानं विशी ओलांडल्यावर सुरू केलं. ३००० मीटर स्टीपलचेस ही त्याची शर्यत. तिच्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या, म्हणजे एकूण ३५ वेळा लय मोडून पुन्हा जुळवायची. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि साध्या हर्डलसारखा धक्क्यानं पडत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावणाराच. या शर्यतीतला गोपाल सैनीचा ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१पासून ३७ वर्षं टिकला होता. साबळेनं तो २०१८मध्ये भुवनेश्वरला मोडला आणि मग स्वतःचेच विक्रम मोडत २०२४च्या पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१पर्यंत आला. सहा वर्षांत जवळपास वीस सेकंद. प्रत्येक अडथळ्यावर सेकंदाचा फक्त दहावा भाग वाचवला तरी ३५ अडथळ्यांचे साडेतीन सेकंद होतात. अशा शर्यतीत वेग आणि हिशेब वेगळे करताच येत नाहीत.

त्याच्या दोन शर्यती शेजारी ठेवून पाहाव्यात. जुलै २०२२, अमेरिकेतलं यूजीन, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. सगळेच एकमेकांवर नजर ठेवून संथ धावले आणि निकाल शेवटच्या मुसंडीवर लागला. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली ८:२५.१३मध्ये जिंकला, साबळे ८:३१.७५मध्ये अकरावा आला. त्याच्या आदल्याच महिन्यात रबातला त्यानं ८:१२.४८ अशी वेळ दिली होती. मग तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. तिथे शर्यत वेगात झाली आणि साबळे ८:११.२०मध्ये दुसरा आला. १९९८पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती, ती साखळी मांडव्याच्या मुलानं तोडली. तीन आठवड्यांत शरीर वीस सेकंदांनी बदलत नाही. बदलली ती शर्यतीची चाल.

बर्मिंगहॅमला सुवर्ण जिंकणाऱ्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८:११.१५. फरक सेकंदाच्या पाच शतांशांचा. त्या वेगानं हे अंतर मोजलं तर जेमतेम एक फूट भरतं. आता भूमिती पाहा. वळणावर कुणी आतल्या रेषेपासून फक्त दहा सेंटिमीटर जास्त बाहेरून धावला, तर अर्धवर्तुळाच्या एका वळणाला त्याचं अंतर ३१ सेंटिमीटरनी वाढतं. तेही एक फूटच. साबळेचं सुवर्ण यामुळे हुकलं असं मी म्हणत नाही. पण एका फुटाची किंमत काय असते, ते यावरून कळावं.

हीच भूमिती भरतीच्या मैदानावर आणा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक लेन १.२२ मीटर रुंद असते. पहिली लेन सोडून तुम्ही एका लेनच्या रुंदीइतके बाहेरून धावलात, तर एका फेरीला सुमारे ७.७ मीटर जास्त पळता. चार फेऱ्यांचे झाले ३० मीटरहून अधिक. ५:१०च्या वेगानं तेवढ्याला जवळपास सहा सेकंद लागतात. एवढ्या फरकानं गुणांचा टप्पा बदलू शकतो, आणि मुलगा घरी जाऊन आईला सांगतो की दम कमी पडला.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट आहे. बाहेरून धावण्याचा हा भुर्दंड फेरीमागे मोजला जातो. मैदान लहान असो की मोठं, एका फेरीला तो तेवढाच. म्हणजे शाळेच्या २०० मीटरच्या मैदानावर आठ फेऱ्या मारताना कुणी सतत एक लेन बाहेर राहिला, तर तो ६१ मीटर जास्त धावतो, बारा सेकंदांचं नुकसान. मैदान जितकं छोटं, तितकी आतल्या रेषेची किंमत जास्त. बॅच मोठी असेल तर सुरुवातीला गर्दी होणारच. तिथे कुणाला ओलांडायचं झालं तर सरळ पट्ट्यावर ओलांडा, वळणावर नाही.

दुसरं नुकसान पहिल्या फेरीत होतं. शिट्टी वाजली की सगळे सुटतात, पहिला राउंड ओढतात, आणि तिसऱ्या राउंडला पाय भरून येतात. यामागचं शरीरशास्त्र समजायला अवघड नाही. धावपटूचा एक वेग असा असतो की तो बऱ्यापैकी वेळ टिकवता येतो, कारण श्वासातून मिळणारा ऑक्सिजन स्नायूंना पुरत असतो. त्यापेक्षा जोरात धावलं तर शरीर आतली राखीव ऊर्जा काढतं, आणि ती मर्यादित असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुकादमाकडून घेतलेली उचल जशी असते, तशी ही राखीव ऊर्जा. रक्कम ठरलेली, आणि नंतर फेडावीही लागते. शर्यत संपल्यावर कितीतरी वेळ आपण धापा टाकतो, ती फेड चालू असते.

ही उचल मोजता येते. वेगवेगळ्या दिवशी, ताजेतवाने असताना, १६०० आणि ३००० मीटर पूर्ण जोर लावून धावायचं. समजा एका मुलाचे १६०० मीटर ५:३०मध्ये झाले आणि ३००० मीटर ११ मिनिटांत. दोन अंतरांमधला फरक १४०० मीटर, वेळेतला फरक ३३० सेकंद. म्हणजे त्याचा टिकाऊ वेग ३३० सेकंदांना १४०० मीटर, साधारण ९४ सेकंदांना एक फेरी. ५:३०मध्ये तो १६०० मीटर धावला, त्यातले १४०० या वेगाचे. वरचे २०० मीटर ही त्याची उचल.

आता हा मुलगा पहिली फेरी ७२ सेकंदांत मारतो. त्या एका फेरीत २०० मीटरच्या उचलीपैकी जवळपास ९५ मीटर खर्च होतात. उरलेल्या तीन फेऱ्यांना १०५ मीटर राहतात, आणि हिशेबानं त्या फेऱ्या प्रत्येकी ८६ सेकंदांच्या होतात. बेरीज करा : पुन्हा ५:३०च. म्हणजे पहिल्या फेरीत पुढे पळून कागदावरसुद्धा काहीच मिळत नाही.

आणि शरीर कागदासारखं वागत नाही. सुरुवातीला अति जोर लावला की स्नायूंमध्ये आम्लता लवकर वाढते, पाऊल आखूड पडायला लागतं, खांदे वर चढतात, धड डावी-उजवीकडे हलतं. तेवढ्याच वेगासाठी आता जास्त ऊर्जा लागते. म्हणून प्रत्यक्षात त्या तीन फेऱ्या ८६ सेकंदांच्याही राहत नाहीत. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी एक मैल धावण्याच्या ३२ विश्वविक्रमांच्या फेऱ्या तपासून २००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मैल म्हणजे सोळाशेपेक्षा फक्त नऊ मीटर जास्त. जवळपास सगळ्या विक्रमांत सर्वांत संथ फेरी दुसरी किंवा तिसरी होती, शेवटची क्वचितच. विक्रम करणाऱ्यांकडे शेवटच्या फेरीसाठी काहीतरी शिल्लक असतं. आपल्याकडच्या मैदानावर चौथी फेरी बघा, उलटं चित्र दिसेल.

सुरुवात अगदी मंद करावी असा याचा अर्थ नाही. पहिले शंभरेक मीटर थोडे जोरात गेले तर जागा मिळते आणि ऑक्सिजन घेण्याचा वेगही लवकर वाढतो. त्यानंतर मात्र लगेच ठरलेल्या लयीत यायला हवं. ५:१०चं लक्ष्य असेल तर फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची, म्हणजे २०० मीटरला ३९ सेकंदांहून किंचित कमी. पहिल्या २०० मीटरला तुम्ही ३४ सेकंदांत पोचलात तर खूश होऊ नका, तिथेच वेग आवरा.

पुढच्याच्या आडोशाचाही फायदा आहे. एव्हरेस्टच्या १९५३च्या मोहिमेत असलेले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१मध्ये दाखवलं की सेकंदाला सहा मीटर वेगानं धावताना पुढच्या धावपटूच्या एक मीटर मागे राहिलं, तर ऑक्सिजनची गरज सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते. साबळेचा सरासरी वेग साधारण हाच. भरतीच्या वेगाला फायदा कमी मिळेल, पण समोरून वारा असताना तो नक्की जाणवेल. अट एवढीच की पुढचा तुमच्या वेगाचा असावा आणि आतल्या रेषेला धरून धावणारा असावा.

नुकसान नेमकं कुठे होतं ते मोजायचं, ही दृष्टी दुसऱ्या खेळांतही उपयोगी पडली आहे. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितकं चांगलं. हौशी खेळाडू जवळच्या हलक्या फटक्यांनाच दोष देत आले होते. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत आहे. म्हणून शहाणा हौशी खेळाडू पाण्याजवळच्या खड्ड्याची खूण असलेल्या झेंड्यावर थेट नेम धरत नाही. आपला चेंडू किती इकडेतिकडे जातो ते ओळखून तो खड्ड्याभोवतीच्या हिरवळीच्या मध्यावर नेम धरतो. एखादा अप्रतिम फटका साधण्यापेक्षा वाया जाणारे दोन फटके वाचवणं सोपं असतं. सोळाशेतही नेमकं हेच लागू पडतं.

बीडच्या मुलांची खरी अडचण मैदानाची आहे. न मोजलेल्या रस्त्यावरचं टायमिंग फसवतं, फोनमधलं अंतर काही मीटर चुकतं, आणि सरळ रस्त्यावर वळणाचा सराव होतच नाही. सिंथेटिक ट्रॅक गावोगावी होणार नाहीत, हे मलाही कळतं. पण मोजपट्टी, दोरी आणि फक्कीची एक गोणी एवढ्यात काम भागतं. शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी आखताना अंतर आतल्या रेषेवर मोजू नये. रेषेला कठडा असेल तर तिच्या ३० सेंटिमीटर बाहेरून मोजावं, नुसती फक्कीची रेघ असेल तर २० सेंटिमीटर बाहेरून. नियम असाच आहे. दर ५० मीटरला खूण करावी आणि एकानं घड्याळ घेऊन उभं राहून वेळ ओरडून सांगावी. क्रीडाशिक्षक आणि सरपंच यांनी मनावर घेतलं तर एका सकाळचं काम आहे. पुढच्या भरतीची जाहिरात येण्याआधी तेवढं करा.