पदरापासून पिनेपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, मुळशी-मावळात, मुसलमान स्त्रीचा जुना पोशाख लुगडे आणि चोळी हाच होता. 1885 साली छापलेल्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये अनेक स्थानिक मुसलमान जातींच्या स्त्रिया मराठा पद्धतीचे लुगडे नेसतात, उघडपणे वावरतात आणि पुरुषांच्या कामाला हातभार लावतात, अशी नोंद आहे. मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार यांची घरे गावगाड्यातलीच होती. त्यांच्या बायका ओळखू यायच्या त्या कुंकवावाचूनच्या कपाळावरून आणि गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या लच्छ्यावरून. डोक्यावरचा पदर शेजारणीच्याही डोक्यावर असायचाच.

धर्मग्रंथातला आधार थोडक्यात सांगता येतो. कुराणाच्या 24व्या सूरेतली 31वी आयत खिमार, म्हणजे डोक्यावरचे वस्त्र, छातीवर ओढून घ्यायला सांगते. 33व्या सूरेतली 59वी आयत जिलबाब, म्हणजे अंगावरची सैल चादर, लपेटून घ्यायला सांगते. चेहरा झाकावा की नाही, यावर शास्त्र्यांमध्ये जुना मतभेद आहे. नमाज पढताना चेहरा उघडा असतो, आणि हजच्या इहराममध्ये स्त्रीला नकाब बांधायला मनाई आहे. रंग कोणता, बेत कसा, घेर किती, याबद्दल आयतींत काही नाही. ते सगळे कापड, हवामान आणि हातातले काम यांनी ठरवले.

त्यात सर्वांत चिवट प्रश्न एकच: दोन्ही हात कामात असताना डोक्यावरचे कापड जागेवर राहणार कसे? पारंपरिक आणि आधुनिक असे सगळे प्रकार या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि त्या नजरेने पाहिले की त्यांची मांडणी उलगडत जाते.

पदराचे उत्तर सर्वांत साधे. नऊवारीत कापड मुबलक असते. जाड सुताचा पदर अंबाड्याला धरून राहतो आणि त्याचे टोक कमरेला खोचले की भात लावणारी बाईसुद्धा निर्धास्त वाकते. पुढे गुळगुळीत सिंथेटिक पाचवारी आली आणि तोच पदर घसरू लागला. एक हात सतत डोक्याकडे जाऊ लागला. कापडाचा पोत बदलला की शालीनतेची सवयही बदलते, हे या लहानशा गोष्टीत स्पष्ट दिसते.

टोपीचा बुरखा मुख्यतः शहरांतल्या खात्यापित्या घरांचा. डोक्यावर घट्ट बसणारी टोपी, तिच्या कडेला चुण्या घालून जोडलेले पायघोळ कापड आणि डोळ्यांसमोर जाळी. लहान मुलाच्या कुंचीसारखा तो डोक्यावर पक्का बसतो, पण सगळा भार टोपीवर येतो, हात आत अडकतात आणि नजर फक्त समोर जाते. विसाव्या शतकात त्याचे दोन भाग झाले. खाली बाह्यांचा कोट, वर बंदांनी बांधायचा नकाब आणि चेहऱ्यावर पातळ पडदा. बाह्या आल्यामुळे हात मोकळे झाले. पडदा मागे टाकता येऊ लागला, मूल कडेवर घेता येऊ लागले, एसटीत चढता येऊ लागले. हा बदल जितका मोठा होता तितका तो नोंदला गेलेला नाही.

पुण्याच्या लष्कर भागात दिसणारा दाऊदी बोहरा स्त्रियांचा रिदा ही वेगळी परंपरा. 52वे दाई, म्हणजे धर्मगुरू, सय्यदना मुहम्मद बुऱ्हानुद्दीन (कारकीर्द 1965 ते 2014) यांच्या काळात तो समाजाचा ठळक पोशाख बनला. खाली घागरा, वर डोक्यापासून कमरेखाली येणारा झगा, चेहरा उघडा, आणि रंग गुलाबी, पोपटी, आकाशी, काळा सोडून कोणताही. कडेला लेस आणि भरतकाम. डोके आणि छाती एकाच शिवलेल्या तुकड्यात झाकली जात असल्याने घसरण्याचा प्रश्न इथे कात्रीनेच सोडवला आहे.

अबाया आखातातून आला. 1970च्या दशकापासून मुंबईची आणि कोकणातली माणसे तिकडे नोकरीला जाऊ लागली आणि त्यांच्या सामानातून तो घरोघरी पोचला. मुंबईचा मोहम्मद अली रोड ही त्याची मोठी बाजारपेठ झाली. त्याला लागणारे निदा हे पॉलिस्टरचे मऊ, झुळझुळीत काळे कापड. अबाया सोपा दिसतो, पण शिंप्याची परीक्षा पाहतो. निदा सुईखाली सरकते, टीप जरा ओढली गेली की शिवण चुरगळते, आणि काळ्यावर काळा दोरा दिवसाउजेडीसुद्धा नीट दिसत नाही. खरी गोम बगलेत आहे. मुंढा घट्ट काढला तर अंगाचा आकार दिसतो. फार खोल काढला तर हात वर करताच सगळा झगा घोट्यावरून वर उचलला जातो. बगलेत चौकोनी तुकडा घातला की दोन्ही अडचणी सुटतात. फळ्यावर लिहिणाऱ्या किंवा बसचा दांडा धरणाऱ्या स्त्रीला हा तुकडा भरतकामाहून मोलाचा वाटतो.

अबायावर स्कार्फ. त्याखाली केस बांधून ठेवणारी ताणाची आतली टोपी, हनुवटीखाली एक पिन, कानामागे दुसरी. शिफॉनला पिनेने भोके पडतात, म्हणून चुंबकाच्या पिना आल्या. होजिअरीचा स्कार्फ पिनेविना अंगच्या ताणावर टिकतो. याच तत्त्वावर खेळाडूंचे हिजाब बनतात. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने 2014 मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली, बास्केटबॉलच्या संघटनेने 2017 मध्ये.

पोशाखाचे हे सगळे टप्पे आज मुळशी तालुक्यात शेजारी शेजारी नांदू शकतात, कारण हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र, पिरंगुटचे कारखाने, लवळ्याची विद्यापीठे आणि ताम्हिणी घाटाजवळची भातखाचरे एकाच तालुक्यात येतात. अडचणीही त्याच क्रमाने. कारखाना कायदा 1948चे 22वे कलम चालू यंत्राला हात लावणाऱ्याच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांची अट घालत असे. घेरदार बाही आणि लोंबता स्कार्फ तिथे जिवावर बेततो. दुचाकीवर धोका मागच्या चाकाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989मधला 123वा नियम मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून चाक किमान निम्मे झाकायला सांगतो. लोक त्या झाकणाला साडीगार्ड म्हणतात. अबायालाही तोच वाचवतो, आणि तो काढून टाकणे हा निव्वळ अविचार आहे. हेल्मेटखाली कानामागची पिन टोचते, म्हणून ती पुढे घ्यावी लागते.

महाविद्यालयांत अडचण वेगळी. कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने घातलेल्या बंदीविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये फेटाळली. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा घालण्याची मुभा दिली नाही. या निकालांत मुलींचे शिक्षण पणाला लागते, ही काळजी कपड्याच्या वादात मागे पडता कामा नये.

आणि ताम्हिणीचा पाऊस. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी ही एक. निदा सुतापेक्षा लवकर वाळते, पण भिजली की पायाला चिकटते, घेर चिखल ओढतो, आणि उन्हाळ्यात तेच कापड घाम शोषत नाही. चुलीजवळ तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. म्हणून स्वयंपाकाला सुती ओढणीच बरी. पावसाळ्यासाठी अबाया शिवायचा तर घेर कमी ठेवावा, बाहीला बटणाचा कफ घालावा आणि काठ घोट्याच्या दोन बोटे वर दुमडावा.