पहिले जनावर गेले तरी थांबा



एरवी मी बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा असले काही लिहितो. आज रस्त्याविषयी लिहितो आहे, कारण चूक माझ्याच हातून झालेली आहे.

नोव्हेंबरातील गोष्ट. माजलगाव तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याच्या पेरणीवर बैठक घेऊन दिवस मावळता मी मोटारसायकलवर गढीच्या दिशेने निघालो. मागे त्याच गावचा एक तरुण शेतकरी बसला होता. त्याला पुढच्या फाट्यावर उतरायचे होते. माझ्या डोक्यावर हेल्मेट होते, त्याच्या नव्हते. दोन्ही अंगांना ऊस. उसातून एक रानडुक्कर निघाले आणि दिव्यासमोरून पलीकडे पळाले. मी वेग कमी केला होता. ते गेलेले पाहिले आणि पुन्हा वाढवला. तोच दुसरे आले. मी गाडी वळवायला गेलो, तरी धडक बसायची ती बसलीच.

माझे खरचटण्यावर निभावले. त्या तरुणाचा उजवा हात मोडला, सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. त्याचा हरभरा बायकोने भावकीच्या मदतीने पेरला, तोही उशिरा. पेरणीला उशीर करू नका, हे मी त्याच दुपारी त्याला बजावून सांगितले होते!

रानडुकरीण पिलांना घेऊन चालते. रोही आणि हरणेही बहुधा कळपाने असतात. पहिले जनावर ओलांडून गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला, असे नव्हे. मागची जनावरे पुढच्याकडे बघून धावतात, तुमच्या गाडीकडे नाही. म्हणून एक दिसले की गाडी हळू करा, हॉर्न द्या आणि मागून काही येत नाही ना, हे बघूनच पुढे जा.

आता वेगाचा हिशेब. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. जनावर दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, तेवढ्यात २० मीटर तरी सरलेले असतात आणि गाडी थांबायला आणखी जवळपास तितकेच लागतात. ताशी ४० ला हे सगळे अंतर निम्म्याच्या आसपास येते. दिवस मावळताना आणि तांबडे फुटताना ही जनावरे चरायला निघतात किंवा परततात. आपला दूधवालाही नेमका त्याच वेळी रस्त्यावर असतो.

चारचाकी किंवा ट्रॅक्टर असेल तर जनावर चुकवायला एकदम वळण घेऊ नका. ब्रेक दाबा आणि सरळ राहा. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्या तुम्ही बघताच. भांडीकुंडी, शेळ्या आणि त्यावर बसलेली लेकरे. अशी ट्रॉली झटक्यात वळली की उलटायला वेळ लागत नाही. मुक्या जनावराचा कळवळा मलाही आहे, पण त्यासाठी ट्रॉलीभर माणसे चारीत घालता येत नाहीत. रोह्याची गोष्ट मात्र वेगळी. मोठा नर दोन क्विंटलच्याही वर भरतो आणि पाय उंच असल्याने जीपच्या बॉनेटवरून थेट काचेवर येतो. तिथे आधीपासूनचा कमी वेगच कामाला येतो.

आमच्या अपघातानंतर माणसे जमली आणि चौकशी झाली ती आधी डुकराची. आयते मटण मिळाले म्हणून एकाने कोयताही काढला. त्याला मी थांबवले, त्याचे कारण सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे चुकून मारला गेलेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. काळवीट, चिंकारा, मोर हे तर पहिल्या अनुसूचीतले. त्यांची शिकार झाली असे ठरले तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. अपघात घडला हा गुन्हा नव्हे, पण मटण घरी नेले की तुमचा खरा अपघातही संशयाचा होतो. वनविभागाचा १९२६ हा नंबर लक्षात ठेवा. आधी जखमी माणसासाठी १०८, मग हा. विम्याचा दावा करायचा असेल तर फोटो आणि पंचनामा हवाच. नुसता तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही.

जनावर जिवंत असेल तर जवळ जाऊ नका. जखमी डुक्कर अंगावर येते, रोही लाथ मारतो. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. मोर असेल तर वरून हलकेच पोते टाकून अंधार करा, तो शांत होतो. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला जखमी वन्यजीवांवर उपचार करणारे सर्पराज्ञी केंद्र आहे. तिथे न्यायचे की नाही, हे वनखात्याची माणसे ठरवतील.

पेंचच्या जंगलात नागपूर-सिवनी महामार्गाखालून जनावरांसाठी वाटा ठेवल्या आहेत. आपल्या गावरस्त्यांना ती चैन मिळायची नाही. पण थोडे आपल्या हातात आहे. रात्री फटाके वाजवून डुकरे हाकलता, तेव्हा ती रस्त्याच्या बाजूला हाकलू नका. सोयाबीन, बाजरी डांबरी रस्त्यावर वाळत घालू नका. सांडलेल्या दाण्यावर मोर आणि डुकरे येतात. रस्त्याकडेची वेडी बाभूळ बांधापासून दोन-तीन वाव तरी मागे तोडा. आणि ऊस तोडताना रस्त्याकडून सुरुवात करून आत जा. शेवटच्या तुकड्यात दबलेली डुकरे मग पलीकडच्या माळाकडे पळतात. मुकादमालाही हे सोयीचे पडते, कारण ट्रॉली रस्त्याकडूनच आत घालायची असते. तोडीच्या दिवशी दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला सांगा.