विद्यार्थ्याची उमेद आणि महिन्याचा हिशेब

जूनच्या अखेरीस महाविद्यालये गजबजतात आणि दिवाळीची सुटी संपली की त्याच वर्गांतील मागचे बाक रिकामे दिसू लागतात. हजेरीपटावर नाव असते, विद्यार्थी मात्र नसतो. चौकशी करावी तर कोणी दुकानात कामाला लागलेला असतो, कोणी घरोघर पार्सले पोहोचवीत असतो, एखादीचे लग्न ठरलेले असते आणि काही जण घरीच, कोणाशी न बोलता बसून असतात. या गळतीचे स्पष्टीकरण आपण फार सहज देतो : हल्लीच्या मुलांत जिद्द उरली नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलांच्या कथा मग नव्याने सांगितल्या जातात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, आणि म्हणूनच त्यावर आधारलेला उपदेशही बहुधा वाया जातो.

त्यागलेली मिळकत

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६०-६१ च्या सुमारास शिक्षणाकडे ‘मानवी भांडवलातील गुंतवणूक’ म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. पुढे १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मांडणीतील एक मुद्दा आपल्या पालकांनी आणि प्राध्यापकांनी नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क आणि पुस्तके नव्हेत. शिकत असताना विद्यार्थी जी मिळकत सोडून देतो, तीही त्या खर्चातच मोडते. बरोबरीचा मित्र दरमहा पगार घरी आणू लागतो, तेव्हा वर्गात बसलेल्या मुलाचा हा अदृश्य खर्च एकाएकी दृश्य होतो. आई काही बोलत नाही. पण किराण्याची वही बोलते.

शिवाय हा खर्च रोजचा असतो आणि लाभ तीन-चार वर्षांनंतरचा, तोही अनिश्चित. जमीन गहाण ठेवता येते, दागिने गहाण ठेवता येतात. उद्याची पदवी गहाण ठेवून आजचे धान्य आणता येत नाही. अशा स्थितीत विद्यार्थ्याचे मन डळमळले तर तो केवळ स्वभावाचा दुबळेपणा कसा म्हणावा? तो एका अवघड हिशेबाचा ताण आहे. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, की तो ताण दुप्पट होतो. कारण खर्च लांबतो आणि लाभ आणखी दूर जातो.

भाकरी आणि सोबत

महाराष्ट्रात ज्यांनी बहुजनांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, त्यांना हे पुरते उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास हातभार लावला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, साताऱ्यास वसतिगृह चालविले आणि १९४७ साली तेथे सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. भाऊरावांनी मुलांना स्वावलंबन शिकविले हे खरेच. पण ते शिकविताना दोन वेळच्या जेवणाची, निवाऱ्याची आणि बरोबरीच्या सोबत्यांची तजवीजही केली. आपण त्यातले स्वावलंबन तेवढे भाषणात घेतो आणि तजवीज विसरतो.

आज काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतील, आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत दिली आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधारसारख्या योजना आहेत. तथापि शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि ती त्यागलेली मिळकत उरतेच. जो हप्ता सप्टेंबरात हवा, तो मार्चमध्ये मिळाला तर हिशेबाच्या वहीत रक्कम तीच दिसेल. पण मधल्या सहा महिन्यांत विद्यार्थी गाव गाठून मोकळा झालेला असेल.

उरलेल्या वाटेचा हिशेब

विद्यार्थ्यांस सांगण्यासारखेही काही आहे. मन खचले असता माणूस झालेल्या खर्चाचा आणि झालेल्या अपयशाचा हिशेब मांडीत बसतो. अर्थशास्त्र सांगते, गेलेले गेले. निर्णय उरलेला खर्च आणि उरलेला लाभ पाहून करावा. सहापैकी चार सत्रे पार पडली असतील, तर द्यावयाची किंमत दोन सत्रांची आहे आणि पदरी पडणारी पदवी मात्र सबंध आहे. पहिल्या वर्षी जे ओझे वाटत होते, त्याचा मोठा भाग उतरलेला आहे, हे कागदावर लिहून पाहावे. तीन वर्षांचे ध्येय रोज डोळ्यांसमोर धरल्याने धीर येतोच असे नाही. या आठवड्यात कोणते प्रकरण संपवावयाचे, एवढेच ठरविल्यास शनिवारी काहीतरी पूर्ण झाल्याचे समाधान मिळते, आणि सोमवारी पुस्तक उघडण्यास तेवढे पुरते. काम करून शिकणाऱ्याने अभ्यासाची वेळ उरल्यासुरल्या वेळात न ढकलता कामाच्या पाळीसारखीच आधी बांधून घ्यावी.

आणि थांबणे अटळच झाले, तर न सांगता नाहीसे होऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन, आवश्यक तो व्यावसायिक भाग पुरा करून, बाहेर पडण्याची व पुन्हा परतण्याची सोय आहे. मिळविलेली श्रेयांके २०२१ पासून सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत जमा राहतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवून आहे. रीतसर थांबणारा परत येऊ शकतो. हजेरीपटातून नुसता गळून पडणारा बहुधा येत नाही.

थकवा आणि निराशा यांत मात्र भेद केला पाहिजे. झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला, तर तेथे उपदेश उपयोगी नाही, उपचार हवेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला आहे. तो कागदावर राहू न देणे हे संस्थाचालकांचे काम आहे.

बाकीचे काम आपणा सर्वांचे आहे. कार्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाला “उद्या या” असे सांगणाऱ्या लिपिकाला कल्पना नसते की त्या मुलाने आज अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविली आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी त्याच भेटीत दाखवून दिली, तर एका व्याख्यानापेक्षा अधिक धीर मिळेल. पालकांनी “किती टक्के?” या प्रश्नाआधी “जेवलास का?” हा प्रश्न ठेवावा. प्राध्यापकांनी एक साधा नेम करावा : सलग आठ दिवस बाक रिकामा दिसला, तर निरोप धाडावा, फोन करावा, मित्राला घरी पाठवावे. परीक्षेच्या तोंडावर हजेरी कमी भरल्याची नोटीस लावण्यापेक्षा हे अधिक कष्टाचे नाही. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ते केले, तर निघून गेलेल्यांपैकी काही जण अजून परत येण्याइतके जवळ असतात.