विस्मरणाचा डॉक्टर कसा घडतो?

एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी तीन, डीएम न्यूरॉलॉजी आणखी तीन. प्रवेशपरीक्षांच्या तयारीची वर्षे यात धरलेली नाहीत! पहिला टप्पा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या मुलालाही गावातच गाठता येतो. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. स्मृती, भाषा आणि वागणूक यांत मुरायला मात्र बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेची वाट धरावी लागते.

तिथल्या प्राध्यापक डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादला असताना ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही! हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. घरात वऱ्हाडी, दुकानात हिंदी, शेजारी उर्दू अशा मोहल्ल्यांत तो पुन्हा व्हायला हवा, असे आमचे मत.

तपासणीची खरी कसोटी वेगळीच. ‘शंभरातून सात वजा करत जा’ हा ठरलेला प्रश्न शाळा न पाहिलेल्या आजीला विचारून काय कळणार? त्यापेक्षा पन्नासची नोट देऊन बत्तीसची भाजी घेतली तर परत किती, हे विचारावे. आणि सुनेलाही विचारावे, ‘सासूबाई अलीकडे विनाकारण चिडतात का?’ काही आजारांत स्मरणशक्तीआधी स्वभावच बदलतो.