माती मुरवायची किती दिवस?

मातीचे भांडे घडवण्याची जुनी रीत चाकाची नव्हे, वळीची. मातीची लांब वळी करायची, गोल गोल एकावर एक रचायची आणि सांधे बोटांनी मिटवायचे. चाक नंतर आले. माती छापणारे यंत्र पाहिले तेव्हा मला ही वळीच आठवली.

खालापूरकडच्या माझ्या एका मित्राच्या मुलाने ते घरीच जोडले. जोनाथन कीप या ब्रिटनमधील कुंभाराने अशा यंत्राचे आराखडे सर्वांसाठी खुले केले आहेत. तीन उभे खांब, तीन मोटारी, मातीने भरलेली नळी आणि खाली बारीक तोटी. हवेच्या दाबाने माती बाहेर येते. संगणक आकृतीचे आडवे थर पाडतो आणि तोटी त्या रेघांवरून फिरते. एक थर झाला की ती किंचित वर सरकते. बेल्जियममधील ‘अनफोल्ड’ या स्टुडिओने २००९च्या सुमारास माती अशी छापून दाखवली होती.

ऐकायला सोपे, पण मुलाच्या पहिल्या बरण्या पोटातच बसल्या. माती घट्ट असली तर तोटीतून निघेना, सैल केली तर वरचा भार पेलेना. हवेचा बुडबुडा आला की रेघ तुटे. त्यात जुलैचा पाऊस. खालचे थर सुकायचे कधी?

शेवटी आम्ही कर्जतजवळच्या एका कुंभार आजींकडे गेलो. बायकांनी चाकावर बसायचे नाही ही जुनी रूढी, पण माती मळणे त्यांच्याच वाट्याला. आजींनी गोळा चिमटीत दाबला. म्हणाल्या, “बाळा, ही मळलीस कुठे? नुसती कालवलीस.” त्यांनी आपली मुरवलेली माती दिली आणि बजावले, “पोट एकदम फुगवू नको.”

बरणी उभी राहिली. पण छापून काम संपत नाही. सुकताना माती आक्रसते. घाई केली की तडा. भाजताना ५७३ अंश सेल्सिअसला मातीतले गारगोटीचे कण एकाएकी फुगतात, तिथे आच सावकाश वाढवावी लागते. आवा दिवाळीच्या तोंडावर लागला, तेव्हा बरणी पक्की झाली.

यंत्र कुंभाराची भाकरी हिरावेल का? एका बरणीला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात आजींच्या मुलाने चाकावर पणत्यांचा ढीग लावला. ती भीती मला वाटत नाही. भीती वाटते ती आजींच्या बोटांतली जाण त्यांच्याबरोबरच जाईल याची.

आजींचा नातू पनवेलला नोकरीला जातो. तो आवा उघडताना शेजारी उभा होता. बरणी हातात फिरवत त्याने विचारले, “आजी, माती मुरवायची किती दिवस?”