विद्यार्थ्यांस पेढीवर पाठवावें कीं नाहीं?

वासिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हें बहामनी काळांत पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होतें. आज तेथील मुलगा हायस्कुलाची परीक्षा उतरला म्हणजे बहुधा मुंबईची वाट धरतो. मुंबईस जाण्यांत पाप नाहीं. परंतु ज्या गांवीं होड्या दुरुस्त होतात, मासळीचा हिशेब मांडला जातो आणि धोपाव्यास वाहनांची फेरीबोट सुटते, तेथील विद्यार्थ्यानें यांपैकीं एकाहि कामास हात न लावतां शाळा सोडावी, हें आम्हांस शोचनीय वाटतें. खाडीपलीकडे अंजनवेलीस दाभोळचें नांव धारण करणारा प्रचंड वीजप्रकल्प उभा राहिला आणि २००१ सालीं बंद पडला. पुढें तो दुसऱ्या नांवानें सुरू झाला. भांडवल येतें व जातें. गांवांत उरतें तें माणसांच्या हातांतील कसब.

उपाय नवा नाहीं. अमेरिकेंत सिनसिनाटीच्या विद्यापीठांत १९०६ सालीं हर्मन श्नायडर यांनीं २७ विद्यार्थ्यांस आळीपाळीनें वर्गांत व कारखान्यांत शिकविण्यास प्रारंभ केला. १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींनीं उद्योगद्वारां शिक्षणाचा विचार मांडला. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला, व तेथील कामांतून शिक्षणाचा पाठ अनेक शाळांत पोंचला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून स्थानिक कारागिरांपाशीं शिकण्यास सांगितलें आहे.

कोणी म्हणेल, हें मुलांस फुकट राबविण्याचें निमित्त होय. हा आक्षेप पोकळ नाहीं. थोडे अपवाद सोडले तर चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, व २०१६ च्या दुरुस्तीनें अठरा वर्षांखालील मुलांस धोक्याचीं कामें वर्ज्य केलीं आहेत. म्हणून आमची सूचना अशी, कीं लहानांनीं केवळ पाहावें व चौदा वर्षें पुरीं झालेल्यांनींच काम हातीं घ्यावें. शाळा, पालक व धनी यांमध्यें लेखी करार व्हावा. काय शिकवावयाचें, किती तास, विद्यावेतन किती, हें त्यांत नमूद असावें. आणि शिक्षकानें आठवड्यास एकदां जातीनें पाहणी करावी. मुलींस यांतून वगळूं नये, हें निराळें सांगावयास नको.

चांगला कारकून मिळत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं, आपण आजवर किती मुलांस पेढीवर बसवून कीर्द-खतावणी शिकविली, हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा. सरकारच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. येत्या सुटींत दोन दुकानें व चार विद्यार्थी मिळाले, तरी आरंभास तेवढे पुरे आहेत.