चुकलेल्या स्पेलिंगचं गाव

डच भाषेत गावाला ‘डॉर्प’ म्हणतात. अँटवर्प विद्यापीठात शिकलेल्या ड्रीस बायटार्टला आपल्या संकेतस्थळासाठी हेच नाव हवं होतं. ते मोकळं आहे का हे पाहताना टंकनात अक्षरं मागेपुढे झाली आणि ‘डॉर्प’चं ‘ड्रॉप’ झालं. कानाला बरं वाटलं, म्हणून त्याने तेच घेतलं. इंग्रजीत ‘ड्रॉप’ म्हणजे थेंब; पुढे थेंबाच्या डच शब्दावरून त्या संकेतस्थळामागच्या सॉफ्टवेअरचं नाव पडलं ‘ड्रुपल’.

मुळात ते वसतिगृहातल्या सोयीसाठी लिहिलेलं होतं. साल २०००. वेगवान इंटरनेट ही चैन होती. हान्स स्नायडर या मित्राकडे एडीएसएल मोडेम होता. दोघांनी बिनतारी जोडणी करून तो आठ जणांत वाटून घेतला. जोडणी नीट चालली आहे का, आज जेवायला कुठे जायचं, असले निरोप ठेवायला ड्रीसने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी जागा बांधली. शिक्षण संपून मंडळी पांगायला लागली तेव्हा संपर्क राहावा म्हणून ती ‘ड्रॉप’ या नावाने इंटरनेटवर आणली, आणि जानेवारी २००१ मध्ये तिचा कोड सगळ्यांना खुला केला.

हे जन्मस्थान ड्रुपलच्या हाडामांसात उतरलं आहे, असं मला वाटतं. संकेतस्थळ बांधणारी बरीच साधनं मनात एक मालक धरून चालतात: तो लिहील, बाकीचे वाचतील. इथे लिहिणारे पहिल्या दिवसापासून अनेक. म्हणून ड्रुपलचं खरं पान कुठलं विचाराल तर मी परवानग्यांचं दाखवेन. आडवं-उभं लांबलचक कोष्टक, त्यात बरोबरच्या खुणा: अनोळखी पाहुण्याने काय वाचावं, सदस्याने काय लिहावं, दुसऱ्याचं लिखाण कुणी दुरुस्त करावं. गावकीचे हक्क आणि मानपान एकाच तक्त्यावर!

आतली रचनाही तशीच. बातमी असो वा लेख, मजकुराचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ‘नोड’. तो जतन करताना गाभा, म्हणजे ‘कोअर’, थांबून सगळ्या मॉड्यूलांना, म्हणजे वरून जोडलेल्या भागांना, विचारतो, कुणाला काही म्हणायचंय? ज्याला म्हणायचं असेल तो बोलतो. या थांब्यांना ‘हुक’ म्हणतात. त्यामुळे गाभ्याला हात न लावता कुणीही भर घालू शकतो. कोअरमध्ये ढवळाढवळ केली की देव मांजराचं एक पिल्लू मारतो, हा या मंडळींचा जुना विनोद. विनोद कसला, दटावणीच.

वर्गणीचाही प्रसंग आला. २००५ मध्ये प्रकल्पाचा सर्व्हर भाराखाली कोसळला. ड्रीसने ३,००० डॉलर मागितले, तर जगभरातून त्याच्या कितीतरी पट जमा झाले. गाव वाढतही गेलं. २००९ मध्ये व्हाइट हाउसचं संकेतस्थळ ड्रुपलवर आलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये पवईच्या आयआयटीत ‘ड्रुपलकॉन एशिया’ ही ड्रुपलवाल्यांची परिषद भरली.

मोठेपणाची किंमतही होती. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी सातव्या आवृत्तीतलं भगदाड जाहीर झालं आणि सोबत ठिगळही मिळालं. दोन आठवड्यांनी सुरक्षा पथकाने सांगितलं: घोषणेपासून सात तासांत ठिगळ लावलं नसेल, तर घर फुटलं असंच समजा. भारतात ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे येतात. इकडचे बरेच जण त्या वेळात झोपेत असणार.

आठव्या आवृत्तीने (२०१५) मात्र वेगळाच घाव घातला. सिम्फनी या पीएचपीतल्या तयार चौकटीवर नवी बांधणी झाली. ती शिस्तशीर होती, मोठ्या संस्थांना मानवली. पण चुकतमाकत पीएचपी शिकून आपल्या मंडळाचं संकेतस्थळ चालवणाऱ्याला ती परकी वाटली. काहींनी जुना कोड उचलून ‘बॅकड्रॉप’ नावाची वेगळी चूल मांडली. अनेक जण सातव्या आवृत्तीतच राहिले, इतके की तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. अखेर ५ जानेवारी २०२५ला तिचा आधार संपला. दहाच दिवसांनी, ड्रुपलच्या चोविसाव्या वाढदिवशी, ‘ड्रुपल सीएमएस’ बाहेर आलं. ते कोड न लिहिणाऱ्यांसाठी आहे.